टोपलीभर मोह, ओंजळभर सहवास

मार्च महिना सरत आला की चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्यात दिवसाची सुरुवात मोहाच्या झाडाखाली होते. रात्रभर टपटप गळलेली पिवळसर, रसदार फुले उन्हाने कोमेजण्यापूर्वी वेचावी लागतात. त्यामुळे झुंजूमुंजू होताच घरातील माणसे टोपल्या घेऊन निघतात. पुढे आजी, तिच्यामागे आई, वडिलांच्या खांद्यावर धाकटे लेकरू आणि सर्वांच्या मागे स्वतःची लहानशी टोपली सांभाळत चालणारे सात-आठ वर्षांचे मूल, असे चित्र या भागातील गावोगावी वर्षानुवर्षे दिसत आले आहे. मोठ्यांच्या टोपल्या भरेपर्यंत लहानग्याची टोपली जेमतेम अर्धी होते. पण घरी परतल्यावर त्याचीही फुले त्याच अंगणात, त्याच चटईवर वाळत घातली जातात.

शहरी पालकांच्या बोलण्यात 'क्वालिटी टाइम' हा शब्द रुळला, त्याला आता बरीच वर्षे झाली. मुलांसाठी वेळ काढायचा म्हणजे कामातून सवड काढायची, सुटी घ्यायची, कोठेतरी न्यायचे आणि खर्च करायचा, असे समीकरण त्यातून तयार झाले. मोह वेचणाऱ्या कुटुंबाला हा शब्द ठाऊक नाही. तेथे मुलासाठी वेगळा वेळ काढला जात नाही, तर जे काम चालले आहे त्यातच मुलाला जागा करून दिली जाते. पालक आणि मूल यांच्यातील नाते घट्ट होण्यासाठी नेमके काय लागते, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या साध्या व्यवस्थेत दडलेले आहे. दुर्दैवाने, ज्या भागात ही व्यवस्था रुजली, तेथेच आज ती अनेक बाजूंनी विरत चालली आहे.

वाटा लहान, पण खरा

मोहाच्या कामात मुलाच्या वाट्याला जे येते ते लुटुपुटीचे नसते. त्याने वेचलेली फुले खरोखरच वाळवली जातात, खाल्ली जातात किंवा बाजारात विकली जातात. मोह म्हटला की शहरी माणसाला दारूच आठवते. वस्तुतः वाळलेली फुले भाजून खाणे, त्यांचे गोड पदार्थ करणे आणि पावसाळ्याच्या अडचणीच्या दिवसांसाठी ती साठवून ठेवणे, हा या भागातील घरसंसाराचा भाग आहे. आपल्या ओंजळीने त्यात भर पडली, हे मुलाला डोळ्यांनी दिसते.

या कामाचा दुसरा विशेष म्हणजे त्यात बोलण्याला मुबलक जागा असते. हात कामात गुंतलेले असतात, पण तोंड मोकळे असते. हे झाड कोणाचे, गेल्या वर्षी बहर का कमी आला, समोर उमटलेला ठसा कोणत्या जनावराचा, अशा प्रश्नांची उत्तरे कामाच्या ओघात दिली जातात. डॉ. राणी बंग यांच्या 'गोईण' या पुस्तकात गडचिरोलीच्या स्त्रियांचे झाडांविषयीचे ज्ञान आणि त्यांच्याशी असलेले जिव्हाळ्याचे नाते नोंदले आहे. हे ज्ञान शाळेच्या फळ्यावरून आलेले नाही. आईच्या मागे चालताना मुलींच्या कानांवर पडत गेले आणि तसेच टिकले.

तिसरी गोष्ट म्हणजे चाल. लहान मूल बरोबर असले की मोठ्यांना आपला वेग कमी करावा लागतो. मुलाने दगड उचलून पाहिला, मुंग्यांची रांग न्याहाळली, तर घटकाभर थांबावे लागते. नात्याच्या दृष्टीने पाहिले तर हे थांबणेच मोलाचे आहे.

शास्त्र काय सांगते

मूल आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती यांच्यातील जवळीक ही केवळ भावनेची बाब नसून ती मेंदूच्या वाढीशी निगडित आहे, हे आता सर्वमान्य झाले आहे. बाळ हसते, हुंकार देते, बोट दाखवते. समोरचे माणूस त्याला प्रतिसाद देते. बाळ पुन्हा काही सुचवते. ही देवाणघेवाण दिवसातून असंख्य वेळा घडावी लागते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या बालविकास केंद्राने या देवाणघेवाणीलाच मेंदूच्या जडणघडणीचा पाया मानले आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या बालसंगोपनाच्या आराखड्यात आरोग्य, पोषण, सुरक्षितता आणि शिकण्याची संधी यांच्या पंक्तीला 'प्रतिसाद देणारे संगोपन' हा घटक बसवला आहे. पोषणाइतकाच प्रतिसादही आवश्यक आहे, असा त्याचा अर्थ होतो.

गडचिरोलीला हा विचार अगदीच नवा नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने जिल्ह्यातील ३९ गावांमध्ये घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन आरोग्यदूत बनवण्यात आले. बाळाला ऊब कशी द्यावी, स्तनपान कसे करावे, आजाराची लक्षणे कशी ओळखावीत, हे त्यांनी घराघरांत शिकवले आणि आजारी बाळांवर घरीच उपचार केले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटलेला होता. योग्य ज्ञान हाती आले की साधे घरही बाळाचे रक्षण करू शकते, हे या प्रयोगाने जगाला दाखवले. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असे बांधून ठेवण्याची 'कांगारू' पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली, तीही याच वाटेने जाते. आई थकली असेल तर वडीलही बाळाला असे जवळ धरू शकतात. बापाच्या आणि बाळाच्या नात्याची ही पहिली, बिनखर्चाची पायरी ठरू शकते.

थोड्या मोठ्या मुलांबाबत बार्बरा रोगॉफ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचे काम उद्बोधक आहे. ग्वाटेमालातील माया आदिवासींच्या गावात त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांनी आणि मारिसेला कोरेआ-चावेझ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात दोन भावंडांपैकी एकाला खेळणे बनवायला शिकवले जात असे आणि दुसऱ्याला शेजारी बसून आपल्या पाळीची वाट पाहायला सांगितले जाई. पारंपरिक माया कुटुंबांतील मुले, आपल्याला कोणी शिकवत नसतानाही, भावंडाचे शिकणे लक्षपूर्वक पाहत आणि पुढे तेच खेळणे करताना त्यांना कमी मदत लागे. मोठ्यांच्या कामात प्रथमपासून सामील असलेल्या मुलांना निरीक्षणाची अशी सवय लागते, असे रोगॉफ यांचे प्रतिपादन आहे. मोहाच्या झाडाखालच्या मुलाला हे सांगण्याची गरज नाही. तो तसाच शिकत असतो.

महाराष्ट्रातही हा विचार फार पूर्वी मांडला गेला. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी आदिवासी वस्तीच्या अंगणातच बालवाडी भरवली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी थेट कुरणावर शाळा नेली. मूल जेथे आहे, घर ज्या कामात आहे, तेथूनच शिक्षण सुरू झाले पाहिजे, हा त्यामागचा विचार होता.

सुटीतले आईबाप

पण मूलच घरी नसेल तर? गडचिरोलीतील अनेक आदिवासी कुटुंबांपुढे हा प्रश्न दरवर्षी जूनमध्ये उभा राहतो. विरळ वस्ती आणि दुर्गम पाडे यांमुळे राज्याने निवासी आश्रमशाळांचा मार्ग स्वीकारला. आज राज्यात सुमारे पाचशे शासकीय आणि त्याहून काही अधिक अनुदानित आश्रमशाळा आहेत. त्यांच्यामुळे हजारो मुले शिकली, ही गोष्ट निर्विवाद आहे. भामरागडजवळील हेमलकसा येथे १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या शाळेतून शिकलेल्या माडिया मुलांपैकी काही जण डॉक्टर झाले, वकील झाले. मात्र या शिक्षणाची एक किंमतही आहे. सहा-सात वर्षांचे मूल आईवडिलांपासून दूर राहते आणि दिवाळी व उन्हाळा वगळता नाते भेटीगाठींवर येऊन ठेपते.

दुसरीकडे, भातकापणी आटोपल्यावर दोन्ही जिल्ह्यांतील अनेक मजूर कुटुंबे मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात. मुले एक तर बरोबर जातात आणि त्यांची शाळा बुडते, किंवा आजी-आजोबांजवळ मागे राहतात. पोटासाठी केलेल्या या स्थलांतराला नात्याचा हिशेब ठाऊक नसतो.

अशा घरांसाठी मे महिना मोलाचा ठरतो. शाळांना सुटी असते आणि त्याच वेळी तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. पहाटे तोडलेली पाने दुपारी घरी आणली जातात आणि सावलीला बसून सारे घर पुडके बांधू लागते. सत्तर पानांचे एक पुडके आणि हजार पुडक्यांचे एक प्रमाण गोणी, हा हिशेब या भागात लहान मुलांनाही ठाऊक असतो. आई पाने रचते, वडील दोरी आवळतात, मूल मोजते. संध्याकाळी पुडकी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, रांगेत मांडली जातात, तेव्हा आपल्या घरची किती झाली हे सांगण्याचा मान मुलाकडे असतो. दहा महिने दूर राहिलेले मूल या दोन-तीन आठवड्यांत पुन्हा घरात मिसळून जाते. शाळेत काय शिकवले, कोणाशी भांडण झाले, रात्री घरची आठवण येते का, या गोष्टी समोरासमोर बसवून विचारल्या तर मूल गप्प राहते. पाने मोजताना मात्र त्या आपसूक बाहेर पडतात.

येथे एक सीमारेषा स्पष्ट केली पाहिजे. कुटुंबाच्या कामातला सहभाग वेगळा आणि बालमजुरी वेगळी. बालमजुरीविरोधी कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आहे. शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत, धोका नसलेल्या कामात घरच्यांना मदत करण्याची तेवढी मुभा आहे. कायद्याच्या पलीकडे आणखी एक साधी कसोटी लावता येते. मूल कंटाळून उठले तर त्याला उठता येते का? येत असेल तर ती सोबत. येत नसेल तर ती मजुरी.

जंगल पूर्वीचे राहिले नाही

मोह आणि तेंदूच्या या चित्रावर अलीकडे एक गडद सावली पडली आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वाघांची संख्या वाढली, ते ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेर ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली या भागांतील जंगलांत पसरले आणि वनोपज गोळा करणाऱ्या माणसांशी त्यांची गाठ वारंवार पडू लागली. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडण्यासाठी गेलेल्या तीन महिलांचा एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. फुले वेचताना वा पाने तोडताना माणूस वाकलेला असतो, त्याचे लक्ष जमिनीकडे असते. पहाटेचा अंधूक प्रकाश त्यात भर घालतो. उजाडण्यापूर्वी जंगलात जाऊ नये, एकट्याने जाऊ नये, गटाने आणि बोलत राहून काम करावे, अशा सूचना वनविभाग देत असतो.

परिणामी, ज्या पायवाटेवर एकेकाळी मुले आईच्या पदराला धरून चालत, तेथे आज त्यांना नेण्यास आया धजावत नाहीत, आणि ते योग्यच आहे. नात्यासाठी मुलाचा जीव धोक्यात घालण्याचा सल्ला कोणीही देणार नाही. तथापि, जंगलात नेता येत नाही म्हणून मुलाला कामातूनच वगळण्याचे कारण नाही. फुले निवडणे, ती वाळत घालणे, ऊन कलले की गोळा करणे, पुडकी मोजणे ही कामे अंगणातली आहेत. गावालगतच्या झाडाखाली, पूर्ण उजाडल्यावर, चार घरच्या माणसांसोबत जाता येते. प्रघातातला धोक्याचा भाग बाजूला काढून सोबतीचा भाग राखणे, हे आता जाणीवपूर्वक करावे लागेल.

लाकडी नंदी आणि रात्रभराचे नाटक

कामाइतकाच सणही घराला एकत्र आणतो. विदर्भात मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा 'तान्हा पोळा' भरतो. नागपूरच्या भोसले राजघराण्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो मुलांसाठी सुरू केला, असे सांगितले जाते. मुले चाकांचा लाकडी नंदी सजवून तोरणाखाली आणतात आणि नंतर घरोघरी नेऊन बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैशांची भेट, मिळवतात. हा सण बाजारातून तयार नंदी आणूनही साजरा होतो. पण नंदीचे चाक वडिलांनी मुलाच्या मदतीने ठोकावे, रंग आईने आणि मुलीने मिळून द्यावा, जुन्या कापडाची झूल आजीने शिवून द्यावी, असे जेथे घडते, तेथे तो नंदी वर्षानुवर्षे माळ्यावर जपून ठेवला जातो. मूल मोठे झाले तरी त्याला ते चाक कोणी ठोकले होते हे आठवते.

दिवाळीनंतर या भागात मंडईचे दिवस येतात आणि त्यासोबत झाडीपट्टीची नाटके. देसाईगंज, अर्थात वडसा, हे या रंगभूमीचे प्रमुख केंद्र. तेथील नाटक मंडळ्या हिवाळाभर गावोगावी प्रयोग करतात. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आल्यानंतर राज्याचे लक्ष या परंपरेकडे नव्याने गेले. नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. गावात नाटक असले की लेकी-जावयांना, पाहुण्यारावळ्यांना निरोप जातात आणि सारे घर घोंगडी, चादरी घेऊन मांडवात बसते. लहान मुले पहिल्या अंकातच आईच्या मांडीवर झोपतात. हशा झाला की दचकून उठतात, काय झाले म्हणून विचारतात आणि पुन्हा झोपतात. दुसऱ्या दिवशी जेवताना साऱ्या घराकडे बोलायला एकच विषय असतो. एकाच गोष्टीवर एकत्र हसलेले आणि रडलेले घर पुढचे कित्येक दिवस तिच्यावर बोलत राहते. प्रत्येकाच्या हातात वेगळा मोबाइल आणि त्यावर वेगळी चित्रफीत असली की नेमके हेच हरवते.

मोबाइलबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेला सल्ला स्पष्ट आहे. दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाहून अधिक वेळ नसावा. पण मुलाच्या हातून मोबाइल काढून घेणे हे अर्धेच काम झाले. रिकाम्या झालेल्या हातांत काय द्यायचे, हे ठरवले नाही तर तो पुन्हा परत येतो.

गोष्ट कोणत्या भाषेत सांगायची?

शेकोटीभोवती किंवा अंथरुणावर सांगितलेली गोष्ट हा नात्याचा सर्वांत जुना धागा. या जिल्ह्यांत त्याला भाषेचा पदर आहे. गडचिरोलीतील अनेक घरांत माडिया किंवा गोंडी बोलली जाते, पूर्वेकडे छत्तीसगडी, सिरोंचा भागात तेलुगू आणि भाताच्या पट्ट्यात झाडीबोली. शाळा मात्र प्रमाण मराठीत. मूल शाळेची भाषा शिकते आणि हळूहळू आईची भाषा बोलायला लाजू लागते. आईलाही आपले बोलणे अडाणी वाटू लागते. गोष्टी थांबतात त्या येथे.

याची जाणीव काही गावांना झाली आहे. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेच्या पुढाकाराने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू झाली. शाळेची मान्यता आणि माध्यम हा धोरणाचा विषय आहे. घरापुरते पाहिले तर उत्तर सोपे आहे. ज्या भाषेत आईला अडखळावे लागत नाही, त्याच भाषेत गोष्ट सांगावी. त्याने मुलाच्या मराठीचे किंवा इंग्रजीचे काहीही नुकसान होत नाही. उलट पहिली भाषा पक्की असलेले मूल दुसरी भाषा अधिक सहज आत्मसात करते. पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या आणि मुलांशी केवळ इंग्रजीतच बोलणाऱ्या घरांनाही हे तितकेच लागू आहे.

पाळीच्या घड्याळावरचे घर

चंद्रपूर शहरातील वस्तुस्थिती वेगळी आहे. महाऔष्णिक वीज केंद्र, कोळसा खाणी, शेजारच्या बल्लारपूरचा कागद कारखाना यांवर येथील हजारो घरे चालतात आणि त्यांपैकी अनेकांचे घड्याळ पाळीवर लावलेले असते. रात्रपाळी करून वडील घरी येतात तेव्हा मूल शाळेला निघालेले असते आणि मूल परतते तेव्हा वडील झोपलेले असतात. नोकरी करणाऱ्या आईची ओढाताण तर निराळीच. अशा घराला 'मुलांना अधिक वेळ द्या' असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय.

तेथे जंगलपट्ट्यातील घराचा धडा उपयोगी पडतो. वेळ वाढवता येत नसेल, तर आहे त्या कामात मुलाला वाटा द्यावा. पाळीला निघताना वडिलांची पाण्याची बाटली भरून देणे हे मुलाचे काम असू शकते. आठवड्याच्या बाजारात भाजी निवडणे, सुटे पैसे मोजून घेणे, घरी आल्यावर शेंगा सोलणे, कणकेचा एक गोळा स्वतः लाटणे, यांतील प्रत्येक काम दहा मिनिटांचे आहे. पोळी वेडीवाकडी झाली तरी ती वडिलांच्या ताटात वाढली गेली पाहिजे, एवढीच अट. काम मुलाला देऊन नंतर ते त्याच्यादेखत पुन्हा नीट करणे, हा मात्र वाटा काढून घेण्याचाच प्रकार आहे.

सुटीच्या दिवशी बाहेरच जायचे, तर त्यासाठी ताडोबाची महागडी सफारी हा एकमेव मार्ग नाही. चंद्रपूरभोवती गोंडराजांच्या काळातील सुमारे ११ किलोमीटरचा परकोट आजही उभा आहे. झाडाझुडपांनी आणि कचऱ्याने वेढलेला हा परकोट 'इको-प्रो' या संस्थेच्या स्वयंसेवकांनी २०१७ मध्ये श्रमदानाने स्वच्छ करायला घेतला आणि तटावरून चालणे शक्य झाले. तटावर चालताना सांगण्याजोगी गोष्टही येथे तयार आहे. खांडक्या बल्लाळशहा राजा शिकारीला निघाला असता त्याने कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा पाहिला. कुत्रा सशामागे लागण्याऐवजी ससाच कुत्र्याचा पाठलाग करत होता! तो ज्या वाटेने वळसा घालून धावला, त्याच वाटेवर राणीच्या सल्ल्याने तट उभारला गेला, अशी आख्यायिका आहे. मुलाला ती घरात सांगता येईल. पण तटावर उभे राहून 'ससा इथून वळला असेल का?' असे विचारले, तर पुढची गोष्ट मूलच सांगू लागते.

घरच्या घरी काय करता येईल?

जन्मापासून दोन वर्षांपर्यंत: बाळाला जवळ धरणे, अंघोळ घालताना आणि भरवताना त्याच्याशी बोलणे, त्याच्या हुंकाराला उत्तर देणे. यांतील निदान एक काम रोज वडिलांनी करावे. केंद्र सरकारने २०२४ मध्ये तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'नवचेतना' हा आराखडा प्रसिद्ध केला आहे. घरी करण्याजोग्या कृती वयानुसार त्यात दिल्या आहेत. अंगणवाडी सेविकेकडे त्याविषयी चौकशी करता येते.

तीन ते सहा वर्षे: धान्य निवडताना डाळी वेगळ्या करणे, धुतलेल्या कपड्यांतून सर्वांचे मोजे शोधणे, तुळशीला किंवा कुंडीला पाणी घालणे. झोपण्यापूर्वी एक गोष्ट. तीच गोष्ट दहा वेळा मागितली तरी कंटाळा करू नये. या वयात पुनरावृत्तीतूनच मुलाला भरवसा मिळतो.

सात ते बारा वर्षे: बाजाराचा हिशेब, आठवड्यातून एक पदार्थ, सायकलचे पंक्चर काढताना मदत, गावाकडच्या आजीला स्वतःच्या अक्षरात पत्र. आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात असलेल्या मुलासाठी ठरलेल्या वाराला फोन किंवा भेट. भेट लहान असली तरी ठरलेली असावी. वाट पाहणाऱ्या मुलाला लांबलचक भेटीपेक्षा न चुकणारी भेट अधिक आधार देते.

तेरा वर्षांपुढे: या वयातील मूल समोर बसून बोलत नाही, शेजारी बसून बोलते. एकत्र चालणे, घराचा रंग काढणे, शेतावर किंवा दुकानात सोबत जाणे यांतून बोलणे निघते. घरातील एखादा खरा निर्णय त्याच्या मतानेही घ्यावा.

या यादीतील एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत. लागतो तो संयम. मूल कामात आले की काम सावकाश होते, सांडते, बिघडते. मोहाच्या झाडाखाली अर्ध्या टोपलीला कोणी हसत नाही आणि ती मोठ्या टोपलीत ओतताना कोणी बाजूलाही सारत नाही. शहरातील स्वयंपाकघरात वेड्यावाकड्या पोळीला तेवढाच मान मिळाला, तर मुलासाठी वेळ कोठून आणायचा, हा प्रश्न बराचसा सुटलेला असेल.